केतकीची डावी बाजू

गोखिवऱ्याच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथे पितळेचे व्हॉल्व्ह बनतात. मी शेवटच्या तपासणीवर आहे. समोर आलेल्या प्रत्येक जॉबच्या, म्हणजे तयार नगाच्या, भोकात मी गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघतो. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं की जॉब पास. नाही जमलं तर त्याला लाल टॅग लागतो, आणि ज्या ऑपरेटरने तो केला त्याचं नाव टॅगवर लिहिलं जातं. वीसेक वर्षं हेच काम केल्यावर एक गोष्ट माझ्या अंगात मुरली आहे. धातूतलं भोक वापराने झिजतं, म्हणजे मोठं होतं. ते लहान झालेलं मी कधी पाहिलेलं नाही.

हे आधी सांगतो, कारण माझ्या मुलीच्या आजारात माझी जी चूक झाली ती इथून आली. ज्यांच्या मुलांचं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ज्यांना ‘आता काळजी नको’ असं सांगून घरी पाठवलं, त्या आईवडिलांनी हे वाचावं अशी इच्छा आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं इथे मिळणार नाहीत, ती आपापल्या डॉक्टरांना विचारावीत.

पास झालेली मुलगी

केतकी जन्मली तेव्हा तिचे ओठ निळसर होते. फुफ्फुसांतून शुद्ध रक्त परत आणणाऱ्या चार नसा असतात, दोन उजवीकडून, दोन डावीकडून. त्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात उघडायला हव्यात. तिच्या भलतीकडेच जोडलेल्या होत्या. दीड महिन्याची असताना मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन झालं आणि नसा जागेवर जोडल्या गेल्या. ती गुलाबी झाली, दूध प्यायला लागली, रांगायला लागली. बाकीच्या मुलांपेक्षा थोडी उशिरा चालली, एवढाच फरक.

आम्ही दर वर्षी तपासणीला जायचो. मशीन छातीवर फिरवून हृदय बघतात, त्याला इको म्हणतात. माझी बायको मनीषा इको संपेपर्यंत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून बसायची. मी निर्धास्त असायचो. पुढे डॉक्टरांनीच सांगितलं, आता दोन वर्षांनी आलात तरी चालेल. माझ्या लेखी हा जॉब पास झालेला होता.

आमच्या घरात लाल टॅग ही थट्टेची गोष्ट होती. भाकरी करपली की केतकी विचारायची, ‘आई, ऑपरेटरचं नाव लिहू का?’ दूध उतू गेलं, छत्री हरवली, पंखा चालू राहिला, की माझा पहिला प्रश्न असायचा, ‘कोणी केलं?’ त्यात राग नसायचा, कारखान्यातली सवय होती. सगळे हसायचे. मीही हसायचो.

शहाण्णव

गेल्या वर्षी थंडीत केतकीला खोकला सुरू झाला. ती सातवीत होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की डावीकडे न्यूमोनिया आहे. औषधाने उतरला. दोन महिन्यांनी पुन्हा आला, पुन्हा डावीकडे. मी कारखान्यांच्या धुळीला दोष दिला, रस्त्याकडेला कचरा जाळतात त्याला दिला. कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आमच्या फ्रिजवरच्या टोपलीत होतं. ते रोज लावायला लागलो. शहाण्णव यायचे, कधी सत्त्याण्णव. मी सुटकेचा निःश्वास टाकायचो.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. मनीषाच्या लक्षात आलं की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर केतकी थांबते, खाली वाकते आणि चपलेचा बंद नीट करते. रोज, त्याच जागी.

‘तो बंद सुटलेला नसतो,’ मनीषा मला म्हणाली. ‘ती दम खाते.’

मी केतकीला बोलावून यंत्र लावलं. शहाण्णव.

‘हा बघ आकडा,’ मी म्हणालो.

‘मशीन बोट बघतं,’ मनीषा म्हणाली. ‘जिना बघत नाही.’

मी ते मनावर घेतलं नाही. आकड्यासमोर मला माणसाचं म्हणणं कच्चं वाटतं, हा माझा स्वभाव आहे. उलट शाळेतून जेव्हा कळलं की केतकी पी.टी.च्या तासाला कडेला बसून राहते, तेव्हा मी तिला नाटकी म्हणालो. रविवारी तिला भुईगावच्या किनाऱ्यावर घेऊन जायला लागलो, मोकळी हवा आणि व्यायाम म्हणून. ओहोटीला तिथे पाणी बरंच आत जातं. सुरूच्या झाडांपासून ओल्या वाळूपर्यंत धावत जायचं आणि परत यायचं, असं मी तिला सांगायचो. ती धावायची. परत आल्यावर डाव्या कुशीवर हात दाबून वाळूत बसायची. ‘इथे दुखतं,’ म्हणायची. मी म्हणायचो, ‘सवय नाही म्हणून.’

ते रविवार मला अजून पुसता येत नाहीत. भुईगावला आम्ही त्यानंतर गेलेलो नाही.

माझी आई खाडीकाठच्या आमच्या गावी राहते. मी केतकीला घेऊन तिकडे गेलो, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. पोरगी वाळली, धापते, तुला दिसत नाय काय, म्हणाली. मी तिला समजावलं की डॉक्टरांनी बारा वर्षांपूर्वी वाट उघडून दिली आहे, एकदा उघडलेली वाट आपोआप बंद होत नसते.

‘का रे,’ आई म्हणाली, ‘आपल्या बोरिंगच्या पायपात खार नाय बसत? पानी यायचं बंद होतं ते कशानं?’

‘आई, ते शरीर आहे. बोरिंग नाही.’

‘मंग तुझा गेज तरी शरीर हाय काय?’

मी हसलो. घरी येऊन मनीषाला हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. ती हसली नाही.

काडीएवढी वाट

एका दुपारी शाळेतून मनीषाला फोन आला. केतकीला खोकताना रुमालात रक्ताचा धागा दिसला होता. आमच्या डॉक्टरांनी या वेळी जुने एक्स-रे शेजारी शेजारी लावले, बराच वेळ बघितले, आणि औषध लिहिलंच नाही. ‘दर वेळी डावीकडेच कसं?’ ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. ‘मला हे आधी सुचायला हवं होतं. तुम्ही उद्याच हृदयवाल्यांकडे जा.’

दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीने निघालो. खाडीच्या पुलाआधी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा केतकी मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मी आरशात बघत होतो. छाती किती भराभर वर-खाली होते ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याला यंत्र लागत नव्हतं.

इको झाला. मग शिरेत रंग सोडून स्कॅन झाला. संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. त्या लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर, वयाने माझ्याएवढ्या, बोलायला सरळ. त्यांनी कागदावर हृदय काढलं, चार नसा काढल्या. उजव्या दोन ठीक होत्या.

‘डावीकडची वरची बंद झाली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘खालची उघडी आहे, पण एवढीच.’ त्यांनी पेनने ठिपका काढला.

मी विचारलं, ‘किती मिलिमीटर?’

‘दोनच्या आत.’

‘असायला किती हवी?’

‘तिच्या वयाला आठच्या आसपास.’

दोनचं गेज मी रोज हाताळतो. आगपेटीतली काडी तेवढी असते. माझ्या मुलीच्या डाव्या फुफ्फुसातलं सगळं रक्त काडीएवढ्या वाटेने परत येत होतं.

मी शहाण्णवचं सांगितलं. रोज मोजत होतो, कधी पंचाण्णवच्या खाली आलं नाही, असं म्हणालो. मला वाटतं मी मॅडमकडे जवळजवळ तक्रार करत होतो.

‘येणारच तेवढं,’ त्या म्हणाल्या. ‘डावीकडून परत यायला वाट नाही, म्हणून डावीकडे रक्त फारसं जातच नाही. काम उजवं फुफ्फुस करतं. तुम्ही बोटात मोजत होतात ते उजव्याचं रक्त.’

म्हणजे मी इतके महिने चांगलीच बाजू तपासत होतो, आणि पास करत होतो.

भोक लहान कसं झालं, हे मी विचारलं. त्यांनी समजावलं की नसेची आतली भिंत जाड होत जाते. काही मुलांमध्ये जोड दिलेल्या जागी होते, काहींमध्ये तिथून पुढे फुफ्फुसाच्या दिशेने पसरते. कोणात होतं आणि कोणात नाही, हे अजून पुरतं कळलेलं नाही. इकोमध्ये ही जागा दर वेळी दिसतेच असंही नाही. मी ऐकत होतो, पण माझ्या तोंडातून शेवटी सवयीचाच प्रश्न आला.

‘चूक कोणाची?’

‘कोणाचीच नाही.’

‘आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

‘वरची नस कदाचित वाचली असती,’ त्या म्हणाल्या. ‘कदाचित. नक्की कोणालाच सांगता येणार नाही.’

आमच्या कामात कदाचित नावाचं माप नाही. जॉब पास असतो किंवा नसतो. त्या एका शब्दाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बाहेर बाकावर केतकी बसली होती. मनीषाने तिला सोप्या शब्दांत सांगितलं की एक नस बंद झाली आहे, एक बारीक झाली आहे, म्हणून दम लागत होता. केतकीने सगळं ऐकून घेतलं.

‘म्हणजे मी नाटक करत नव्हते,’ ती म्हणाली.

ती रडली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. आपल्याला खरंच काहीतरी झालं आहे याचा माझ्या मुलीला आनंद झाला होता. त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत मला ते सर्वांत जास्त लागलं.

वॉर्ड

आता एकच गोष्ट हातात होती. खालची नस. ती उघडी राहिली तर डावं फुफ्फुस थोडंफार चालत राहणार होतं. तीही गेली तर ती बाजू कायमची जाणार होती, आणि उजव्या बाजूचंही काही होऊ नये एवढीच आशा उरणार होती.

हॉस्पिटलचा दिवस वजनाने सुरू होतो. मग ताप, रक्तदाब, किती पाणी प्यायली, किती लघवी झाली. मला मोजायची सवय, त्यामुळे पहिले दोन दिवस मी नर्सच्या आधीच सगळे आकडे सांगायचो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी मुलीच्या तोंडाकडे न बघता बाटलीवरच्या रेघांकडे बघतो आहे. मग तो उद्योग मनीषाकडे दिला.

शेजारच्या खाटेवर नालासोपाऱ्याची एक बाई होती, सव्वा वर्षाच्या मुलीला घेऊन आलेली. तिच्या मुलीला हाच आजार, आणि तो चारही नसांना. मला हात चोळत येरझाऱ्या घालताना पाहून ती म्हणाली, ‘दादा, टेन्शन नका घेऊ. आमचा तिसरा टाइम आहे. हर बार आत जाते, बाहेर येते, डोळे उघडले की पहिलं काय मागते माहीत? केळं.’ तिच्याकडे प्लास्टिकची एक चटई होती. रात्रपाळीच्या नर्सने खाली झोपायला जागा दिली की ती अर्धी चटई मनीषाला द्यायची. आमच्यापेक्षा तिचं दुःख मोठं होतं, आणि चटई एकच होती. तरी अर्धी आमची.

बाकी लोकांनीही आपापल्या परीने केलं. आईने गावदेवीला नारळ बोलला. भुईगावला मनीषाची एक जुनी मैत्रीण राहते, तिने चर्चमध्ये केतकीच्या नावाने मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, सांगितली. केतकीने विचारलं, दोन्हीकडून सांगितल्यावर वर गोंधळ होणार नाही ना?

ज्या दिवशी तिला आत नेलं, त्या दिवशी मी आणि मनीषा दाराबाहेर बसलो होतो. मांडीतल्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेतात, नसेत फुगा फुगवतात, आणि वाट पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळी बसवतात. सह्या करताना धोके वाचून दाखवले होते, ते सगळे मला पाठ झाले होते.

मनीषा मला एकदाही ‘मी सांगत होते’ असं म्हणाली नव्हती. घरी नाही, गाडीत नाही, इथेही नाही. मी त्या वाक्याची वाट बघत होतो. शेवटी मीच म्हणालो, ‘बोलून टाक ना एकदा.’

तिला काय ते लगेच कळलं.

‘मी बोलले तर तुम्हाला हलकं वाटेल,’ ती म्हणाली. ‘म्हणून नाही बोलणार.’

मग दार उघडलं.

वरची नस उघडता आली नाही. तारेला आत शिरायला जागाच सापडली नाही. खालच्या नसेत जाळी बसली. मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं की सहा मिलिमीटर मिळाले आहेत. केतकीला गुंगी उतरताना पाय सरळ ठेवून झोपायचं होतं. तिने डोळे किलकिले केले, मला ओळखलं आणि विचारलं, ‘बाबा, गेज गेलं का आत?’

मी हो म्हणालो आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

माफी

घरी आल्यावर मी बदललो. निदान मला तसं वाटत होतं.

तिचं दप्तर मी उचलायला लागलो. रक्त पातळ करायच्या औषधाने तिच्या हातापायांवर निळे डाग यायचे. एकेक डाग दिसला की मी तिला सॉरी म्हणायचो. ती खोकली की माझा हातातला घास तसाच राहायचा. एकदा टी.व्ही. बघताना तिला ठसका लागला, नुसता शेवेचा, आणि मी उठून गॅलरीत गेलो, कारण माझे डोळे भरून आले होते. भुईगावच्या वाळूबद्दल मी तिची इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी ती म्हणाली, ‘बाबा, झालं ना आता.’

आधी ती ‘ठीक आहे’ म्हणायची. मग विषय बदलायला लागली. मग मी विचारायच्या आतच सांगायला लागली, ‘मस्त आहे मी.’ सकाळी मस्त, शाळेतून आल्यावर मस्त. पहिल्या तपासणीला सगळं ठीक होतं, त्यामुळे मलाही ते पटत गेलं. ‘मस्त’ ऐकलं की माझं मन शांत व्हायचं. पूर्वी शहाण्णव बघून व्हायचं, अगदी तसंच. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

टाकीमागे

सुट्टीत केतकी आजीकडे गेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईचा फोन आला. ये इकडे, फोनवर नाय सांगत, एवढंच म्हणाली. मी कारखान्यातून थेट गेलो. मनीषाही पोचली होती. केतकी ओट्यावर पाय सोडून बसली होती आणि आई तिच्या पाठीशी उभी होती, पळून जाऊ नये म्हणून उभी राहिल्यासारखी.

‘पोरगी टाकीमागं जाऊन खोकते,’ आई म्हणाली. ‘वर नळ सोडते, कोनाला ऐकू जाऊ नये म्हनून. माझं पानी फुकट जातं.’ मग केतकीला म्हणाली, ‘सांग आता. नायतर मी सांगते.’

‘सांगते,’ केतकी म्हणाली. ‘पण बाबा, तू तोंड तसं करायचं नाही.’

‘कसं?’

‘आता केलंस तसं.’

आई फिस्सकन हसली. मी तोंड सरळ करायचा प्रयत्न केला. ते किती जमलं ते माहीत नाही.

केतकीने सांगितलं. खोकला तीन-चार आठवड्यांपासून होता. डाव्या कुशीवर झोपलं की जड वाटतं. जिन्यावर पुन्हा थांबावं लागतं. घरी ती मिक्सर सुरू झाला की खोकून घ्यायची, किंवा आंघोळीला गेल्यावर.

‘आणि तू सांगितलं का नाहीस?’ मी विचारलं. ते शब्द मीच ऐकले आणि मला त्यातला सूर ओळखू आला. दूध उतू गेल्यावर मी याच सुरात ‘कोणी केलं’ विचारतो.

‘सांगितलं की तू स्वतःला टॅग लावतोस,’ ती म्हणाली. ‘मग आई गप्प होते. मग जेवताना कोणी बोलत नाही. खोकल्याचं मला एवढं काही नाही रे. त्या जेवणाचं वाटतं.’

मनीषा खाली बघत होती. बारा-तेरा वर्षांची मुलगी माझं मन जपण्यासाठी स्वतःची नस बंद होऊ देत होती. पहिल्या खेपेला मी तिचं ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला माझ्या पश्चात्तापामुळे तिने बोलणंच सोडलं. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं, असं तरी म्हणता येतं. या वेळी तेही नाही.

मी परत सॉरी म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. आईने ते बघितलं.

‘तुझा भार तू उचल ना,’ ती म्हणाली. ‘पोरीच्या डोक्यावर कशाला देतोस?’

मी तोंड मिटलं. आईने आत जाऊन चहा टाकला. ‘डाव्या कुशीवर,’ मी केतकीला विचारलं, ‘झोपल्या झोपल्या लगेच जड वाटतं, की थोड्या वेळाने?’

ती विचार करून म्हणाली, ‘थोड्या वेळाने.’ मग तिने बराच वेळ सगळं नीट सांगितलं, आणि मी मध्ये बोललो नाही.

दुसऱ्यांदा

जाळीच्या आत पुन्हा भिंत चढायला लागली होती. अर्ध्याच्या आसपास वाट उरली होती, पण होती. मॅडमनी फुगा घालून ती पुन्हा मोकळी केली. त्यांनी साफ सांगितलं की हे परत होऊ शकतं, बहुतेक होईल, आणि ही नस टिकवायची तर आपल्याला असंच यावं लागेल. किती वेळा, ते त्यांना सांगता येत नाही. मोठेपणी काय, तेही नाही.

‘या वेळी वेळेत आणलंत,’ त्या म्हणाल्या.

‘तिने आणलं,’ मी म्हणालो.

दाराबाहेर बसलो असताना मनीषाने पिशवीतून डबा काढला आणि अर्धी पोळी माझ्या हातात दिली. ‘आज तोंड बरं आहे तुमचं,’ म्हणाली. नालासोपाऱ्याची बाई या वेळी वॉर्डात नव्हती. मनीषाने तिला फोन केला. तिची मुलगी आता पावलं टाकते.

ज्यांच्यासाठी हे लिहितो आहे त्यांना तीन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलाचं अशा नसांचं ऑपरेशन झालं असेल आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा एकाच बाजूला होत असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा आणि ‘चारही नसा नीट दिसल्या का’ हे तोंड उघडून विचारा. खोकल्यात रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका. बोटाचं यंत्र जवळ ठेवा, पण त्याने चांगला आकडा दाखवला म्हणून मूल म्हणतं ते खोटं ठरवू नका. आणि तुमची चूक झाली असेल, तर तिचं दुःख मुलासमोर मांडून ठेवू नका. मूल ते झाकायला जातं, आणि त्याबरोबर आजारही झाकतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझा अपराधीपणा गेलेला नाही. ‘कदाचित’ हा शब्द कामावर जाताना गोखिवऱ्याच्या नाक्यापर्यंत रोज माझ्याबरोबर असतो. गेज हातात घेतलं की पुन्हा येतो. तो जावा असंही मला वाटत नाही, कारण वरची नस खरंच गेली आहे आणि तिच्या बदल्यात दुसरं काही येणार नाही. संध्याकाळी मी त्याला जिन्याखाली ठेवतो. रोज जमतं असं नाही. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी केतकी नुसतं म्हणते, ‘बाबा, तोंड.’

परवा आम्ही दोघं बाजारातून भाजी घेऊन आलो. दोन्ही पिशव्या माझ्याकडे होत्या. पहिला मजला ती माझ्यापुढे चढली. दुसऱ्याच्या वळणावर थांबली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

‘बाबा, थांब. दम लागला.’

मी एक पायरी खाली थांबलो. पिशव्या टेकवल्या. कसा लागला, कालच्यापेक्षा जास्त की तेवढाच, एवढं विचारलं. तेवढाच, ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू पण धापतोयस.’

‘माझं वय झालं.’

‘पोट झालंय.’

वरून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उतरत होत्या. आम्हाला दोघांना वळणावर उभं पाहून त्यांनी विचारलं, काय झालं गं, का थांबलीस?

‘दम लागलाय, काकू,’ केतकी म्हणाली. ‘थोडी थांबून चढते.’

आवाज नेहमीचा होता. चपलेकडे तिने पाहिलंही नाही.